मशीन पास झालं की…

हवेच्या खोलीत एका वेळी दोन माणसं, असं दारावर लिहिलेलं होतं. ज्याने लिहिलं त्याने बहुधा दोन सडपातळ माणसं धरली होती, आणि त्यांतल्या एकाच्या खांद्यावर हत्यारांची जाडजूड थैली असेल हे तर मुळीच धरलं नव्हतं. ती उशीर झाला म्हणून पळत आली, मिटणाऱ्या दारातून आत शिरली आणि थेट त्या थैलीवर जाऊन आदळली. मागचं दार खट्‌कन लागलं. पुढचं अजून बंदच होतं.

"लागलं का?" थैलीवाल्याने विचारलं.

"मला नाही. थैलीला विचारा."

तो हसला असावा. असावा म्हणायचं, कारण अंगात पांढरा डगला, डोक्यावर पांढरी टोपी आणि तोंडावर पांढरा मास्क असला की माणसाचे नुसते डोळे शिल्लक राहतात. ते डोळे बारीक झाले आणि त्यांच्या कडेला दोन-तीन रेघा उमटल्या. रेघा छान होत्या, हे तिने उगीचच पाहून ठेवलं.

भिंतींतून चारी बाजूंनी वारा सुटला. सोलर पॅनेलच्या कारखान्यात धुळीचा कणही चालत नाही; म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाला आधी सतरंजीसारखं झटकून घेतात. तिने रोजच्या सवयीने दोन्ही हात वर केले आणि जागच्या जागी गोल फिरायला लागली. तो बघतच राहिला.

"हे असं… सगळ्यांनाच करावं लागतं?"

"नाही केलं तर पुढचं दार उघडत नाही," ती म्हणाली.

बिचाऱ्याने थैली खाली ठेवली, हात वर केले आणि तोही फिरायला लागला. कपाटाएवढ्या जागेत दोन अनोळखी माणसं, एकमेकांची कोपरं चुकवत, वाऱ्यात गिरक्या घेतायत… कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं! तेवढ्यात दार उघडलं.

"बघा, उघडलं की नाही?" असं म्हणून ती निघूनही गेली.

ते दार वेळ झाली की आपोआप उघडतं, हे त्याला दोन दिवसांनी कुणीतरी सांगितलं. तोवर तो एकटा असतानासुद्धा इमानेइतबारे हात वर करून फिरत होता आणि काचेपलीकडून सगळी शिफ्ट ती मजा फुकटात बघत होती.

आल्या दिवसापासून त्याला सगळे पाहुणा म्हणायचे. कारखान्याने सेलच्या माळा जोडायचं नवं मशीन विकत घेतलं होतं आणि मशीनच्या कंपनीने ते बसवायला हा फिटर पाठवला होता. मशीन बसवायचं, चालवून दाखवायचं, आणि कारखान्याने ते पास केलं की थैली खांद्याला लावून पुढच्या गावी निघायचं, असं त्याचं आयुष्य. पाहुण्याचा मुक्काम मशीन पास होईपर्यंत. आणि मशीन पास करणार होती ती.

तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे घार. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. सेल म्हणजे पत्त्याच्या पानाहूनही पातळ चौकोन, निळा-काळा, नुसता जोरात पकडला तरी आतून चिरणारा. मशीनचा लांब हात रबरी वाट्यांनी एकेक सेल अलगद ओढून उचलतो, तांब्याच्या पट्ट्यांनी त्यांना एकामागे एक वितळत्या धातूचा डाग देऊन जोडतो आणि सेलची माळ तयार होते. कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या कामगार, मावशी, आपल्या टेबलावर या माळा काचेवर शेजारी-शेजारी मांडायच्या आणि त्यांची टोकं जोडायच्या. मग ते सगळं घारीच्या खोलीत, आणि तिथून पुढे भट्टीत. भट्टीत प्लास्टिकचे पडदे वितळतात आणि काच, सेल, सगळं एकजीव होतं. भट्टीच्या आधी चूक सापडली तर सेल बदलता येतो, माळ काढता येते. भट्टीनंतर ती चूक काचेच्या आत कायमची. म्हणून घारीची खोली भट्टीच्या अलीकडे होती आणि म्हणून सगळे तिला जरा वचकून असायचे.

खोली कसली, काळोखाची पेटीच. एरवी उजेड घेऊन वीज देणाऱ्या पॅनेलला ती तिथे उलटं करायला लावायची. ती वीज द्यायची आणि पॅनेल उजेड द्यायचं. तो उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण तिच्या कॅमेऱ्याला दिसायचा. पडद्यावर एकेक सेल राखाडी-चंदेरी उजळायचा, आणि कुठे केसाएवढा तडा असला तर तेवढी काळी रेघ उमटायची. तिने तड्यांना नावं ठेवली होती. चारी बाजूंना पाय पसरणारा तो कोळी, आडवा वाहत जाणारी ती नदी. हा नाद तिला बाबांकडून लागला होता. बाबा दवाखान्यात एक्स-रे काढायचे. इतर मुली अक्षरं गिरवत होत्या त्या वयात ही खिडकीच्या काचेवर फिल्म धरून हाडं ओळखत होती.

पाहुणा पहिल्यांदा त्या खोलीत आला तो तिने बोलावलं म्हणून.

"तुमच्या मशीनने जोडलेल्या माळेत मिशी आहे," ती गंभीरपणे म्हणाली.

पाहुण्याचा हात नकळत मास्ककडे गेला. तिला हसू आवरेना.

"तुमची नाही हो. ही बघा." तिने पडद्यावर बोट ठेवलं. एका सेलच्या कोपऱ्यात बारीकशी बाकदार काळी रेघ होती, वर वळवलेल्या मिशीच्या टोकासारखी. तो पुढे वाकला. अंधारात पडद्याचा चंदेरी उजेड त्याच्या डोळ्यांत उतरला… आणि तो मिशी बघायचीच विसरला.

"किती सुंदर दिसतं…"

"काय?"

"पॅनेल," तो म्हणाला. पण जरा उशिराच म्हणाला.

त्या दिवसापासून मिशी हा दोघांचा उद्योग होऊन बसला. ठरलं असं होतं की सबंध शिफ्टभर मशीनमुळे एकही तडा आला नाही तरच ते पास. आणि मिशी काही केल्या जाईना. सकाळभर पॅनेलं लख्ख निघायची, सगळे आशेला लागायचे, आणि जेवणानंतर कुठल्यातरी माळेत ती हजर. पाहुण्याने डाग देण्याची आच कमी करून पाहिली, पट्टीचा ताण सैल करून पाहिला, रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी एकेक भाग पुसून, हात फिरवून पाहिला. आणि दर वेळी तो काळ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा.

"आहे?"

"आहे."

"तुम्हाला नक्की दिसतेय ना?"

"तुम्ही माझ्या नजरेवर शंका घेताय?"

"छे. नजरेला नावं कोण ठेवेल…" एवढं बोलून तो निघून जायचा, आणि घार पुढची दोन पॅनेलं जरा हळूच तपासायची.

एकदा कँटीनमध्ये तिच्या समोरच्या खुर्चीवर एक माणूस येऊन बसला. लांब नाक, गालावर खळी, केस टोपीमुळे चपटे बसलेले. त्याने मीठ मागितलं. तिने ते न बघता पुढे सरकवलं. त्याने पाणी मागितलं. तेही दिलं. मग त्याने चमचा मागितला तेव्हा मात्र ती म्हणाली, "इतर टेबलांवरही सामान असतं."

"असतं. पण तिथे घार नसते ना."

आवाज ऐकला आणि तिचा घास हातातच राहिला. डोळे… हो, डोळे तेच. रेघासुद्धा त्याच.

"तुम्ही? मी… मी मनात वेगळं नाक बसवलं होतं तुम्हाला."

"अरेरे. कसं होतं?"

"आखूड."

"मग आता? निराशा झाली?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, पॅनेल पाहावं तसं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. "बघू," ती म्हणाली. "होईल सवय." आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात आल्यावर तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

ती त्याला काम करताना पाहायची. काळ्या खोलीच्या दारातून मशीन बरोबर समोर दिसायचं. त्याची एक लकब होती. मशीन चालू असताना तो मान तिरपी करून, डोळे मिटून उभा राहायचा. सगळ्या खडखडाटातून त्याला एकेका सांध्याचा आवाज वेगळा ऐकू यायचा. मग अचानक डोळे उघडून तो एक स्क्रू पाव फेरा पिळायचा आणि तो लांबलचक हात लोण्यातून सुरी जावी तसा फिरायला लागायचा. तो सेल हातात घ्यायचा तेही दोन तळव्यांच्या मधे, बोटं न लावता. एवढी वर्षं ती या कारखान्यात होती, पण सेल असा धरणारं माणूस तिने मावशींशिवाय दुसरं पाहिलं नव्हतं. आपल्याला हा माणूस आवडायला लागलाय हे तिला त्या तळव्यांकडे बघतानाच कळलं. आणि लगेच हेही कळलं, की ज्या दिवशी मिशी सापडेल त्या दिवशी तो जाणार.

मिशी सापडली. तिलाच सापडली, आणि तीही शिफ्ट सुटता सुटता. तिने आधीची सगळी छायाचित्रं एकाखाली एक लावली होती. मिशी कधीच शेजारच्या सेलला येत नव्हती. यायची ती नेमकं तेवढंच अंतर सोडून, नेहमी त्याच कोपऱ्यात. म्हणजे दोष आचेचा नव्हता, ताणाचाही नव्हता. मशीनच्या हाताला रबरी वाट्यांच्या ज्या जोड्या होत्या, त्यांतली एकच वाटी दर ठरावीक फेरीला येऊन सेल दुखावत होती. आणि ती फक्त मशीन तापल्यावर. पाहुणा वाट्या तपासायचा त्या सकाळी, थंड असताना!

ती उठली. दाराच्या फटीतून तो थैली भरताना दिसत होता. दहा पावलं टाकायची आणि सांगायचं, एवढंच काम. तिने दाराच्या कडीवर हात ठेवला… आणि काढून घेतला. पडदा बंद केला, डगला खुंटीला लावला आणि सरळ घरी गेली.

"आज काय दिसलं?" बाबांनी जेवताना विचारलं. हा त्यांचा रोजचा प्रश्न होता.

"काही नाही."

"काही नाही दिसलं की तू दोनदा वाढून घेतेस. आज ताटात नुसती बोटं फिरतायत."

तिने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "बाबा, फिल्ममध्ये दिसलंय आणि सांगायला उशीर केलाय, असं तुमचं कधी झालं?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "होता होता राहिलं. माझ्याच मित्राचा पाय होता. दुसऱ्या दिवशी त्याची पळण्याची स्पर्धा. हाडाला केसाएवढी चीर. वाटलं, पळू दे एवढं, परवा सांगू."

"मग?"

"मग काय, सांगितलं. दोन महिने माझ्याशी बोलला नाही तो. नंतर बोलायला लागला तो अजून थांबलेला नाही. दर रविवारी येऊन डोकं खातो ना तुझा काका, तोच तो."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. बाबांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"आणि तो पाहुणा अजून किती दिवस आहे म्हणे?"

"मी पाहुण्याचं नाव तरी काढलं का?"

"आज नाही काढलंस. रोज काढतेस. म्हणून तर विचारलं."

दुसऱ्या दिवशी तो हवेच्या खोलीतून बाहेर पडतो न पडतो तोच तिने त्याला गाठलं. "वाट्या थंड असताना बघू नका," ती एका दमात म्हणाली. "मशीन तापू द्या, मग बघा. एकाच वाटीत काहीतरी आहे."

त्याने मशीन तापू दिलं. मान तिरपी करून, डोळे मिटून ऐकलं. मग मशीन थांबवून एकेका गरम वाटीच्या कडेवरून नख फिरवत गेला, आणि एका वाटीपाशी नख अडलं. रबराच्या आत, दिसणारही नाही असा, डागाच्या धातूचा एक कण रुतून बसला होता. थंड असताना रबर त्याला झाकून घ्यायचं; तापून मऊ झालं की तो डोकं वर काढायचा. पाहुण्याने तो कण तळहातावर घेतला आणि तिच्यासमोर धरला.

"ही तुमची मिशी," तो म्हणाला. "इतके दिवस मी झक मारतोय, आणि तुम्ही इथे न येता, नुसत्या बघून… काय नजर आहे हो तुमची!"

"मला काल संध्याकाळीच कळलं होतं," ती म्हणाली. सांगून टाकल्याशिवाय तिला राहवेना.

"काल? मग काल का नाही सांगितलंत?"

ती त्याच्या तळहाताकडे बघत राहिली. "काल सांगितलं असतं तर… एक दिवस कमी झाला असता."

मास्क होता म्हणून बरं. पण डोळ्यांना कुठे मास्क असतो? पाहुण्याने मूठ मिटली, काहीतरी बोलायला गेला, आणि तेवढ्यात मागून मॅनेजर साहेब आले. "सापडलं म्हणे? वा! मग उद्याच परीक्षा घेऊन टाकू मशीनची."

परीक्षेच्या दिवशी मशीन असं चाललं, असं चाललं, की आजूबाजूची माणसं हातातलं काम थांबवून बघायला लागली. लांब हात सेल उचलत होता, ठेवत होता, आणि माळा पाण्यासारख्या वाहत बाहेर येत होत्या. काळ्या खोलीत एकामागून एक पॅनेल उजळत होतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नितळ. असं काम तिने आजवर पाहिलं नव्हतं, आणि प्रत्येक पॅनेलबरोबर तिचं मन थोडं फुलत होतं आणि थोडं खचत होतं.

शेवटचं पॅनेल आलं. तिने वीज दिली. पडदा काळाच राहिला.

तिने तारा तपासल्या, चिमटे काढून परत लावले. काळा. एक सेलसुद्धा उजळेना. मग तिने दिवा लावला आणि पॅनेलच्या टोकांवर नजर फिरवली. माळा मांडताना एक खाली तोंड करून आणि दुसरी वर तोंड करून ठेवायची असते, म्हणजे वीज एकीतून जाऊन दुसरीतून परत येते. इथे शेवटच्या दोन्ही माळांची तोंडं एकाच बाजूला होती. नवख्या माणसाने पहिल्या दिवशी करावी अशी चूक! मावशी असं करणं शक्यच नव्हतं.

"मावशी, शेवटच्या माळा कुणी ठेवल्या?"

मावशी छताकडे बघायला लागल्या. "माझं मनगट दुखत होतं गं. पाहुणे म्हणाले, द्या मी ठेवतो. मी नुसती टोकं जोडली."

"आणि तुम्हाला दिसलं नाही उलटी आहे ते?"

"दिसलं की." मावशींनी आवाज खाली आणला. "म्हटलं, भट्टीच्या आधी घार आहेच. पॅनेलचं काही जात नाही. झाला तर कुणाचातरी मुक्कामच वाढेल."

तिकडे साहेबांनी खांदे उडवले. "शेवटचं नापास का? चला, पुढच्या सोमवारी परत पहिल्यापासून. पाहुणे, राहा आता तुम्ही आणखी."

सगळ्या टेबलांवर खसखस पिकली. पाहुणा मात्र जमिनीकडे बघत होता. आणि ती? तिने मनात दिवस मोजले. सोमवार… अख्खा आठवडा! गप्प बसलं की झालं. खोटंही बोलायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. ती क्षणभर गप्प बसली. मग समोर ते पाण्यासारखं चालणारं मशीन दिसलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"साहेब, जरा थांबा. आधी हे दुरुस्त करते, मग सांगते."

मावशींनी डाग द्यायचं गरम हत्यार तिच्या हातात दिलं आणि "मला मेलीला आता दिसत नाही, तुम्हीच करा दोघं" असं म्हणून त्या टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. तिने टोकांचे डाग सोडवले. त्याने दोन तळव्यांनी माळ उचलली. दोघांची डोकी जवळ आली.

"असं कसं झालं हो?" तिने हळूच विचारलं.

"वाक्य जुळवत होतो."

"कसलं वाक्य?"

"तुम्हाला म्हणायचं, जायच्या आधी. सुरुवात जमत होती, शेवट जमत नव्हता. शेवट जमला… आणि माळ उलटी पडली."

"मुद्दाम नाही ना केलीत?"

"मुद्दाम केली असती तर एवढी लाज वाटली असती का? इतकी मशीनं बसवली, पण असा गाढवपणा कधी केला नव्हता."

तिने पहिला डाग दिला. "काय होतं वाक्य?"

त्याने माळ खाली ठेवली. आता ती बरोबर बाजूला होती. तिने दोनदा पाहिलं.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "तुम्ही दिसतं ते सांगता, स्वतःचं नुकसान होत असलं तरी. हवेच्या खोलीत बोललात तेवढं सोडून. मला तुमच्याशी लग्न करायचंय… एवढंच होतं वाक्य. जुळवताना लांबलचक वाटत होतं."

तिच्या कानात हवेच्या खोलीतला वारा सुटला. सगळं जग एका बाजूला आणि तेवढं टेबल एका बाजूला. पण तिने शेवटचा डाग नीट दिला, पट्टी दाबून पाहिली आणि मगच मान वर केली.

"आधी मशीनचं सांगते," ती म्हणाली. "मग माझं. दोन्ही एकत्र सांगितलं तर लोक म्हणतील, घारीने डोळे मिटून पास केलं."

पॅनेल परत काळ्या खोलीत गेलं. तिने वीज दिली आणि ते उजळलं, एकूण एक सेल. ती बाहेर आली. सगळे तिच्याकडे बघत होते. मावशी तर डोळ्यांनी "नको नको" म्हणत होत्या.

"साहेब, चूक मांडणाऱ्या हाताची होती, मशीनची नाही. मशीनने एकही सेल दुखावलेला नाही. असं मशीन मी आजवर पाहिलेलं नाही. पास आहे."

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. पाहुणा मात्र तिच्याकडे बघत होता, डोळे भरून, आणि त्याच्या नजरेत जाण्याचं दुःख होतं, पण त्याहून मोठा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला सोडायला फाटकापर्यंत गेली. बाहेर रणरणतं ऊन होतं. सूर्याचं काम करणाऱ्या या माणसांना दिवसभर सूर्य म्हणून दिसत नाही. दोघांचेही डोळे दिपले. शेजारी ट्रकमध्ये तयार पॅनेलं चढत होती. दोघांच्याही तोंडावर आज मास्क नव्हता, आणि त्यामुळेच की काय, दोघंही ट्रककडे बघत होते.

"परत कधी येणार?" शेवटी तिने विचारलं.

"मशीन बिघडलं की कंपनी पाठवते."

"ते बिघडायचं नाही."

"नाही बिघडायचं," तो खिन्नपणे म्हणाला. "फारच नीट लावलंय मी."

"थोडं कमी नीट लावलं असतंत तर?"

"तुम्ही पास केलं असतंत?"

दोघंही हसले. गाडीवाल्याने भोंगा वाजवला. त्याने थैली उचलली, दोन पावलं टाकली… आणि तिला वाटलं, आता हा असाच जाणार. आपण सगळ्या जगाचे तडे बोट ठेवून दाखवतो आणि स्वतःचं मात्र तोंड उघडत नाही.

"ऐका," ती म्हणाली. ट्रकवरची माणसंसुद्धा वळली, पण आता तिला पर्वा नव्हती. "मशीन बिघडायची वाट बघू नका. माझ्यासाठी या."

तो वळला. नुसता उभा राहिला, उन्हात, डोळ्यांच्या कडेच्या सगळ्या रेघांसकट. भोंगा पुन्हा वाजला तेव्हा गाडीत बसला तो मागे बघतच बसला.

त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही. रोज हजारो सेल उचलायचं, रोज नितळ माळा द्यायचं. सगळे खूश होते. मावशी तेवढ्या जाता-येता त्याच्याकडे रागाने बघायच्या, आणि घार रोज पॅनेलं तपासायची आणि रोज एकदा फाटकाकडे बघायची. फोन यायचे त्याचे, पण फोनचं काय! तो आता ज्या गावी होता तिथलं मशीन हट्टी निघालं होतं, आणि तिथे घारही नव्हती.

मग एका सकाळी काळ्या खोलीतला फोन वाजला. फाटकावरचा वॉचमन होता.

"ताई, ते पाहुणे आलेत. पण जरा घोळच आहे. हत्यारांची थैली नाही जवळ. मी विचारलं, काय बिघडलंय? तर म्हणतात, काहीच नाही. म्हटलं, मग काम काय काढलंत? तर म्हणतात, ताईंसाठी आलोय, अगदी असंच सांगा. आणि त्यांच्या आईपण आहेत बरोबर. आता मी काय करू?"

अंधारात तिला कुणी बघत नव्हतं. तरीही तिने टोपी सारखी केली.

"आईंना सावलीत खुर्ची द्या. पाणी द्या. मी आलेच बाहेर."

"बरं. आणि पाहुण्यांना?"

"त्यांना…" तिला हसू आवरत नव्हतं. "त्यांना म्हणावं, आता जाऊ नका."